मासेघारीची साक्ष

"दिसलं तेवढंच बोलायचं. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणायचं. 'असेल', 'असावं', 'बहुतेक' हे शब्द चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे."

देशिंगकर सर साक्षीदारांच्या शिबिरात हे इतक्यांदा सांगत, की मागच्या बाकावरची मंडळी त्यांच्याबरोबर ओठ हलवत. सरांना जाऊन आता बराच काळ लोटला होता. पण नीलांबरी केळुसकर सकाळी पडद्यासमोर बसली, की तो घोगरा, बसका आवाज हटकून तिच्या कानाशी येई.

त्या सकाळीही आला. तिची देवपूजा आटोपली होती, तुळशीला पाणी घालून झालं होतं. शेगडीवर दूध ठेवून ती पडद्यासमोर येऊन बसली आणि कडेच्या काळ्या चकतीवर तिनं अंगठा टेकवला. साक्ष सुरू झाली. आडबंदरच्या खाडीतलं बेट समोर आलं. बेटावरच्या तिवरांतून वर गेलेला, कधीचा बंद पडलेला मोबाइलचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या माथ्यावर काटक्याकुटक्यांचं ऐसपैस घरटं. घरट्यात मादी बसलेली. तिच्या पुढ्यात दोन पिल्लं, माना ताणून.

नीलांबरी नीट टेकून बसते न बसते तोच नर आला. पंजात मासा, माशाचं तोंड पुढे. घरट्याच्या काठावर त्यानं मासा टाकला आणि तो उडून गेला. मादीनं मासा पायाखाली दाबला, बारीक तुकडे तोडले, आधी एका पिल्लाच्या चोचीत दिले, मग दुसऱ्याच्या.

"पाहिलं," नीलांबरी म्हणाली. "दोन पिल्लं. दोघांनी खाल्लं."

तिचा आवाज नोंदला गेला. साक्ष पुरी झाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली, तर दूध अजून कोमटही झालं नव्हतं.

तिला खटकलं ते हेच.

या पक्ष्याला पुस्तकात मोरघार म्हणतात. आडबंदरात तिला नुसती मासेघार म्हणत. पूर्वी ती थंडीत पाहुणी म्हणून यायची आणि उन्हं तापू लागली की डोंगरांच्या रांगा ओलांडून उत्तरेला परत जायची. अंडी तिकडे, मुक्काम इकडे. पण समुद्र तापत गेले, उत्तरेकडचे ऋतू विस्कटले आणि एका वर्षी ही जोडी परत गेलीच नाही. तिनं मनोऱ्यावर काटक्या आणायला सुरुवात केली, तेव्हा देशभरातले पक्षीवेडे आडबंदरला लोटले होते.

नेमकं त्याच सुमाराला खाडी खोल करून बंदर बांधायचं काम मंजूर झालं. लवादानं अट घातली, की घरट्यातली पिल्लं खाऊनपिऊन वाढत आहेत तोवर काम चालू राहील. त्यांची उपासमार होते आहे असं दिसलं, की त्याच दिवशी काम बंद. पण तसं दिसलं हे सांगायचं कुणी? यंत्रांनी बनवलेल्या बनावट चित्रांनी कोर्टकचेऱ्यांची एवढी फजिती करून झाली होती, की नुसत्या चित्राला आता कुणी पुरावा मानत नसे. म्हणून कायद्यानं जिवंत माणूस मागितला. त्यानं रोज बघायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. नीलांबरीची सगळी नोकरी दिवाणी न्यायालयात, साक्षीदारांना शपथ देण्यात गेली होती. गावात तिचं नाव निघालं तेव्हा एकानंही हरकत घेतली नाही.

नेम मात्र कायद्यानं सांगितलेला नव्हता, तो तिचा तिनं घेतला होता. पिल्लं अंड्यातून बाहेर आली त्या दिवशी ती देवापुढे हात जोडून मनातल्या मनात म्हणाली होती, की यांच्या पोटात घास पडल्याशिवाय मी पान वाढून घेणार नाही. पक्ष्यांना काही तिच्या घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. नराला कधी लवकर मासा मिळे, कधी दुपार टळे. त्यात पडद्यावरचं चित्र अखंड येत नसे. काळी चौकट मध्येच येई आणि जाई, आणि ती तशीच बसून राही. मधुमेहाच्या गोळ्या आणि रिकामं पोट. एकदा तर घेरी येऊन ती पडलीही होती.

आणि मग हा नेम एकाएकी सोपा होऊन गेला. अंगठा टेकवावा आणि नरानं यावं. नेम थोडा टोचायला हवा, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. न टोचणारा नेम तिला देवळाबाहेर चुकून दुसऱ्याची चप्पल पायात सरकवल्यासारखा वाटत होता. चालताना त्रास काहीच नाही, पण आपली नव्हे.

तिची मुलगी ओवी केस बांधत आतून आली. पुण्याच्या ज्या संस्थेनं मनोऱ्यावर कॅमेरा बसवला होता, तिथंच ओवी नोकरीला होती आणि मकरसंक्रांतीपासून घरूनच काम करत होती.

"खाल्लं का तुझ्या नातवंडांनी?"

"खाल्लं."

"मग बस आता. पोहे टाकते."

"ओवी, माझ्या पडद्यावर हल्ली काळं येत नाही गं. एकदाही नाही."

ओवी विळी मांडून बसली होती. "हवा स्वच्छ आहे ना सध्या. धुकं नाही."

"समोरचा डोंगर दिसत नाही सकाळचा."

"आई, तू कोर्टातून निवृत्त झालीस. आता उलटतपासणी बंद कर." ओवी हसली. "वेळेवर जेवायला मिळतंय, साखर जागेवर आहे, तरी तुझं काहीतरी दुखतंच."

नीलांबरीही हसली. पण ओवीनं हसताना वर पाहिलं नव्हतं, हे तिनं पाहिलं होतं.

काळी चौकट का येत असे, हे तिला ओवीनंच समजावलं होतं. मनोऱ्यावरचा कॅमेरा उन्हावर चालायचा. कधी ढग, कधी काचेवर खारं दव, कधी तिवरांच्या दाटीत अडकलेला संदेश. चित्राला अशी भोकं पडत. हे घरटं जगभर लोक बघत, त्यांना भोकं आवडेनात. म्हणून संस्थेनं सांधणी नावाची प्रणाली आणली. सांधणी म्हणजे रफू. रफूवाला जसा आजूबाजूच्या धाग्यांवरून फाटलेलं विणून काढतो, तशी ही प्रणाली आधीच्या आणि नंतरच्या चित्रावरून मधलं हरवलेलं चित्र विणायची. या जोडीचे मागचे सगळे हंगाम तिला पाठ होते. नर कुठल्या बाजूनं उतरतो, मादी मान कशी वाकवते, पिल्लू ओरडताना पंख कसे सोडतं, सगळं. जाणकारालाही जोड ओळखू येत नसे. सुरुवातीला रफूच्या जागी कोपऱ्यात पिवळा ठिपका असायचा. त्यानं रसभंग होतो अशा तक्रारी आल्या आणि तो ठिपकाही गेला.

साक्षीदाराच्या पडद्यावर मात्र सांधणी चालवायची नाही, असा सक्त नियम होता. भोक असेल तर साक्षीदाराला भोकच दिसलं पाहिजे.

न्याहारी झाली न झाली तोच सुगंधा कुबल दाराशी आली. ती खाडीत मासेमारी करायची आणि गावात विकायची. आज तिची पाटी उपडी होती.

"काय आणलंस गं?" नीलांबरीनं विचारलं.

"काय हाडतलंय? खाडयेत मासो खय आसा?" सुगंधा पायरीवर टेकली. "वाईच पाणी द्या. त्या गाळ काढूच्या बोटीन खाडयेचा ताक केल्यान. हात बुडवलो तर आपली बोटा दिसणत नाय."

"मासेघारीला मिळतोय की. आज सकाळीच पाहिलं. चांगली बोय असावी."

'असावी' म्हणताच नीलांबरीनं जीभ चावली. सुगंधानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बोय? ह्या खाडयेत? माझो झील जाळा टाकून टाकून वैतागलो, आमका एक बोय गावणा नाय. आणि तुमच्या घारीक रोज गावता? तिका सांगा, आमका पण वाटो दे."

"तू तर बेटाजवळून जातेस. दिसतो का नर?"

"मादी दिसता. एकटीच बसान आसता. तिचो घो खय गेलो, माका म्हायत नाय."

"कधीपासून?"

"माका काय विचारतास? साक्षीदार तुमी." सुगंधा पाटी उचलून उठली. "तुमी सांगशात ता खरा."

ती फाटकातून बाहेर पडते तोच दळवीचा फोन आला. दळवी बंदर कंपनीचा गावातला माणूस. बोलायला गोड, सणासुदीला फळांची करंडी पाठवणारा. नीलांबरी ती दर वेळी परत पाठवी आणि तो दर वेळी नव्यानं पाठवी.

"काकी, परवाची सुनावणी लक्षात आहे ना? पंचायतीच्या सभागृहात. गाडी पाठवतो मी. तुमची साक्ष वाचली, की पुढच्या टप्प्याला हिरवा कंदील. बेटाच्या अंगाचा गाळ काढायला घेणार आहोत."

"बेटाच्या अंगाचा?"

"पिल्लं गुटगुटीत आहेत म्हणताय ना तुम्ही, मग काय हरकत? काकी, खरं सांगू, तुमच्यासारखी साक्षीदार मिळणं म्हणजे आमचं भाग्य. पिल्लांनी खाल्ल्याशिवाय तुम्ही पाण्याशिवाय काही घेत नाही म्हणे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे काकी."

तिनं फोन ठेवला. सगळ्या गावाला माहीत होतं, हे खरंच होतं. पण दळवीच्या तोंडी ते आलं आणि तिला कुणीतरी आपल्या देवघरात जोडे घालून हिंडून गेल्यासारखं वाटलं. ही साक्षीदार कधी बसते आणि काय दिसलं की उठते, ते याला पुरतं ठाऊक होतं. आणि ज्याला एवढं ठाऊक, त्याला बाकीचं काय कठीण?

दुपारी ओवी कानांवर यंत्र चढवून खोलीत कामाला बसली, तेव्हा नीलांबरी पुन्हा पडद्यासमोर गेली. या वेळेला ती कधीच बसत नसे. तिनं अंगठा टेकवला. नर आला. पंजात मासा.

तिनं अंगठा काढला. उठून वाळवण उलथलं, दोरीवरचे कपडे काढून घड्या केल्या, परत आली. अंगठा टेकवला. नर आला.

उन्हं उतरल्यावर तिनं तिसऱ्यांदा तेच केलं. या खेपेला नराकडे बघितलंच नाही, पिल्लांकडे बघितलं. डावीकडचं पिल्लू घासासाठी पुढे झालं, एका वाकड्या काटकीला अडखळलं, सावरलं. सकाळीही ते तिथंच अडखळलं होतं. दुपारीही. त्याच काटकीला, तसंच.

ती घार तिच्या अंगठ्याची वाट बघत होती.

न्यायालयात तिनं खोटं बोलणारे खूप पाहिले होते. शपथ घेताना त्यांची बोटं कशी वळतात, घोट कसा गिळला जातो, हे ती लांबून ओळखे. पण डोळ्यांनी पाहिलेलं जसंच्या तसं सांगूनही साक्ष खोटी ठरू शकते, हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं. किती सकाळी ती 'पाहिलं' म्हणाली होती? आणि कुणी तिच्या तोंडून ते वदवून घेतलं होतं?

ओवीला तिनं काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शिबिरात मिळालेली दुर्बीण पदराखाली घेऊन धक्क्यावर गेली आणि सुगंधाच्या होडीत बसली. होडी बेटाजवळ आल्यावर सुगंधानं मोटर बंद केली आणि काठीनं होडी तिवरांच्या कडेला धरून ठेवली. पाणी खरंच ताकासारखं होतं.

नीलांबरीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. मादी घरट्याच्या काठावर उभी होती, पंख अर्धवट पसरून, खाली सावली धरून. त्या सावलीत एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. दुसरं नव्हतं. तिनं घरट्याचा काठ न् काठ धुंडाळला. नव्हतं. नरही नव्हता.

बऱ्याच वेळानं मादी उडाली. पाण्यावर घिरट्या घालत राहिली, एके जागी फडफडत थांबली, पाय पुढे काढून कोसळली, आणि रिकाम्या पंजांनी वर आली. पुन्हा तेच. मासेघार वासावर जात नाही की चाहुलीवर जात नाही. उंचावरून पाण्यात जो मासा दिसेल, तोच तिचा. गढूळ पाणी म्हणजे तिच्या ताटावरचं झाकण. तिसरी घिरटी पुरी व्हायच्या आत एक कावळा घरट्याच्या काठाशी उतरला आणि मादी सगळं टाकून मागं फिरली. एकानं राखायचं आणि एकानं आणायचं, असा दोघांचा संसार तो. एकटी किती ठिकाणी पुरणार?

"रडतास कित्याक?" सुगंधानं विचारलं.

"रडत नाही गं. दुर्बिणीची काच पुसते आहे."

"काच थय आसा. तुमी डोळे पुसतास."

नीलांबरीनं दुर्बीण पुन्हा लावली आणि मनोऱ्याच्या आडव्या खांबावरचा कॅमेरा शोधला. सापडला. त्याच्या काचेवर मीठ आणि पक्ष्यांची शीट यांचा पांढरा, जाड थर चढला होता. भिंतीला चुना द्यावा तसा. त्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं. जग रोज जे बघत होतं, ते त्यानं पाहिलेलंच नव्हतं.

ती घरी परतली, तेव्हा ओवी फाटकातच उभी होती.

"कुठे गेली होतीस? गोळी घेतली नाहीस, काही खाल्लं नाहीस—"

"बेटावर."

ओवीच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं कठड्यावर ठेवला, अगदी सांभाळून.

"दळवीचं काम आहे हे," नीलांबरी ओट्यावर बसत म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हलका होता, पण श्वास पुरत नव्हता. "तुमच्या संस्थेतल्या कुणाला तरी त्यानं फितवलंय. माझ्या पडद्यावर सांधणी चालू आहे ओवी. एक पिल्लू गेलं. दुसरंही जाईल. आणि मी रोज सांगते आहे, की दोघांनी खाल्लं. तू शोधून काढ, तिथं कोण आहे त्याचा माणूस."

"दळवीचा कुणी नाही, आई."

"तुला काय माहीत?"

"मी केलंय ते."

मागीलदारी पाण्याची मोटर चालू होती. ओवी जाऊन ती बंद करून आली आणि पायरीवर, आईच्या पायांशी बसली.

"त्या दिवशी तू देवघराच्या उंबऱ्यात पडलीस. साखर इतकी खाली गेली होती, की तू मला ओळखलं नाहीस. मला तुझी आई समजून माई म्हणालीस. आणि कशासाठी? तर एका पक्ष्याचा नवरा मासा घेऊन यायला उशीर करतोय म्हणून. मी तुला किती वेळा म्हटलं, नेम सोड. तू म्हणालीस, देवाला दिलेला शब्द आहे. मग मी काय करणार? देवाला सांगता येईना. प्रणालीला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"आईनं अंगठा टेकवला, की भरवणं दाखव. फक्त तुझ्या पडद्यावर. तेव्हा नर होता, पिल्लं खात होती. खोटं नव्हतं ते आई. नुसतं लवकर होतं."

नीलांबरीनं मांडीवरची दुर्बीण बाजूला ठेवली.

"मग नर यायचा थांबला. काच माखत गेली. प्रणालीला खरं काही मिळेना, पण तोवर ती एक गोष्ट शिकून बसली होती. तू 'पाहिलं' म्हणालीस, की तिला वाटायचं आपलं बरोबर आलं. रोज तू तिला शाबासकीच देत होतीस. तुझं समाधान कशानं होतं, एवढं तिला पक्कं कळलं. खाली घरट्यात काय चाललंय, ते कळायची तिला गरजच उरली नाही."

"आणि तुला कधी कळलं?"

ओवी पायरीवरची माती नखानं खरवडत राहिली.

"ओवी."

"आठवडा झाला."

"आणि तू रोज सकाळी पोहे केलेस."

ओवीनं मान आणखी खाली घातली. नीलांबरीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग देवघराच्या दाराकडे पाहिलं. आपला नेम आपण पाळतो, त्याचा भार कुणावर नाही, असं ती आजवर धरून चालली होती. उपाशी ती राहत होती. पण घाबरत राहिली होती ओवी. देवानं तर काहीच मागितलं नव्हतं. हे तिला त्या ओट्यावर बसल्या बसल्या लख्ख दिसलं. तरीही आठवडा तो आठवडाच होता, आणि त्या आठवड्यात एक पिल्लू मेलं होतं.

"साक्षीदाराच्या पडद्याला हात लावणं गुन्हा आहे," ओवी म्हणाली. "नोकरी तर जाईलच. खटलाही होईल."

"माहीत आहे मला. उद्या मी उभी राहून सांगणार आहे."

"काय सांगशील? माझ्या मुलीनं केलं म्हणून?"

"जे आहे ते."

"आई, तुझ्या तोंडून ते नको." ओवीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "मी सांगते. मूळ नोंदी माझ्याकडे आहेत, काळ्या चौकटींसकट. सगळ्या घेऊन जाते आणि मी स्वतः सांगते. तू फक्त माझ्या आधी बोलू नकोस. वचन देते तुला."

नीलांबरीनं न्यायालयाच्या आवारात अशी वचनं पुष्कळ ऐकली होती. उद्या नक्की हजर राहतो म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे लोक दुसऱ्या दिवशी पुकारा झाल्यावर कुठल्या गावी गेलेले असत, हेही तिला माहीत होतं. समोर बसलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं," ती म्हणाली. "आधी तू. मग मी."

त्या दिवशी संध्याकाळी ओवी परसात फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. नीलांबरी दिवा लावायला तुळशीपाशी आली, तशी तिनं फोन बंद केला. "कोण गं?" असं नीलांबरीच्या ओठांवर आलं, तिथंच राहिलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी ओवी तिच्याआधी उठलेली होती. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. आणि दाराशी तिची मोठी बॅग उभी होती, पुण्याला जाताना न्यायची ती. नोंदी न्यायला एवढी बॅग कशाला लागते? नीलांबरीनं पूजा केली. फुलं वाहिली. बॅग देवघरातूनही दिसत होती.

मग ती पडद्यासमोर बसली आणि तिनं अंगठा टेकवला. काळं. पडदाभर काळं. ओवीनं सांधणी काढून टाकली होती, एवढं तरी खरं होतं. ती वाट बघत बसली. काळंच राहिलं.

"दिसलं नाही," ती अखेर म्हणाली. "पिल्लू दिसलं नाही. नर दिसला नाही. काहीच दिसलं नाही."

मागं वळली तर ओवी उंबऱ्यात उभी. तिनं ऐकलं होतं. ती आत आली, देवापुढे वाकली. मोठी झाल्यापासून ती सणावारालाही देवघरात फारशी वाकत नसे. माणूस असं वाकतं ते कधी? निघताना. पण कुठे निघताना?

"ती दळवीची गाडी येईल," ओवी म्हणाली. "बसू नकोस तीत."

"नाही बसत."

"तू मागून ये. सावकाश."

"तू?"

"मी पुढे होते." ओवीनं बॅग खांद्याला लावली. चपला घातल्या, फाटक उघडलं, मागं लोटलं.

नीलांबरी ओट्यावर आली. घरापुढची पाखाडी थोडं चालून गेल्यावर दुभंगत असे. एक वाट चढणीनं नाक्याकडे, जिथं पुण्याची सकाळची गाडी थांबते. दुसरी उतरणीनं धक्क्याकडे आणि पंचायतीच्या सभागृहाकडे. गाडीची वेळ झालीच होती. हाक मारावी, बरोबर चालावं, नुसतं तिच्या मागोमाग जावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तसं केलं असतं, तर सभागृहात पोचणारी मुलगी आईनं आणलेली असती. तिनं ओट्याचा खांब धरला आणि ती जागची हलली नाही.

वर नाक्यावर गाडीचा भोंगा वाजला. ओवी दुभंगाशी पोचली होती. तिथं ती थांबली. खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. भोंगा पुन्हा वाजला. एवढ्या लांबून नीलांबरीला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवरची ती भली मोठी बॅग.

ओवीनं बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, पट्टा नीट ओढला आणि खालच्या वाटेनं उतरू लागली.